पायपेटीचा थोरला भाऊ? नाही पटलं

'चर्चचा पाइप ऑर्गन म्हणजे नाट्यसंगीतातल्या पायपेटीचा थोरला भाऊ' हे पाइप ऑर्गनवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. पायपेटीत पितळी पट्ट्या थरथरतात. पाइप ऑर्गनच्या बहुतेक नळ्यांत पट्टी नसतेच, बासरीसारखी हवा धारेवर आपटते. 8 फुटी उघडी नळी जो स्वर देते, तोच वरून बंद केलेली 4 फुटी नळी देते, फक्त जरा घुमा. जागा वाचवायची ही युक्ती लेखात हवी होती!

आणि हवामान? नौपाड्यात आमच्या भजनाला पेटीचा स्वर मे महिन्यातही फारसा हलत नाही, बासरीचा मात्र चढतो. ऑर्गनचंही तेच. उकाड्यात साध्या नळ्यांचा स्वर चढतो, पट्टीच्या नळ्या जवळपास तिथेच राहतात आणि दोघींचं जमेनासं होतं. सूर लावणाऱ्याची खरी कटकट ती.