फुकटची गोळी आणि 'बेफिकीर' मुली

दक्षिण आफ्रिकेतल्या एचआयव्हीचा विषय निघाला की एक दावा हटकून पुढे येतो : 'तिथलं सरकार एचआयव्हीची लागण टाळणारी प्रतिबंधक गोळी फुकट देतं, कायदाही आडवा येत नाही, तरी कृष्णवर्णीय तरुणी ती घेत नाहीत. वर संशोधकांशी खोटं बोलतात. अडथळे कसले, निव्वळ बेफिकिरी आहे.'

आधी 'खोटं बोलतात' हे घेऊ, कारण त्याला आधार आहे. अशा प्रतिबंधक औषधाच्या 'व्हॉइस' नावाच्या चाचणीत दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या ५,०२९ स्त्रिया होत्या. औषध नियमित घेतो असं बहुतेकींनी सांगितलं. रक्त तपासलं तर एक तृतीयांशाहूनही कमी नमुन्यांत ते सापडलं. २०१५ मध्ये निकाल छापून आल्यापासून हा आकडा मुलींच्या माथी मारला जातो. पण चाचणीत येताना त्यांना सांगितलं काय होतं? औषधाचा उपयोग होतो का, तेच बघायचं आहे; आणि तुमच्या वाट्याला येईल ती गोळी कदाचित औषध नसलेली, नुसती दिसायला तशी असेल. शिवाय हे औषध टेनोफोव्हिर, म्हणजे एचआयव्ही झालेल्यांच्या उपचारातलंच. घरात बाटली कुणाच्या नजरेस पडली की लोक एकच अर्थ काढणार : हिला झालाय. जोहान्सबर्गमधल्या सहभागी स्त्रियांशी सविस्तर बोलणं झालं तेव्हा ही भीती वारंवार पुढे आली. गुण येईल की नाही ठाऊक नसलेली, वर बदनामी करणारी गोळी धडधाकट माणसाने रोज घ्यायची! आपल्याकडे पाच दिवसांची अँटिबायोटिक तिसऱ्या दिवशी सोडणारे घरोघरी आहेत.

कायदा आडवा येत नाही, हे म्हणणं बरोबर आहे. तिथल्या २००५ च्या बाल कायद्यानुसार बारा वर्षांची मुलगी पालकांना न विचारता एचआयव्ही तपासणी करून घेऊ शकते, गर्भनिरोधकंही मागू शकते. पण कायदा राबवायचा कुणी? क्लिनिकमधल्या नर्सने. ती बऱ्याचदा त्याच वस्तीतली, आईला ओळखणारी असते, आणि 'एवढ्याशा वयात तुला हे कशाला हवं?' असं चारचौघांत विचारते. रांग शाळेच्या वेळेत, तासन्‌तास. असा एक प्रश्न ऐकलेली मुलगी पुन्हा त्या दारात जात नाही.

आता बेफिकिरी. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतात विषाणूंच्या जनुकीय खुणा जुळवून संसर्ग कुणाकडून कुणाकडे गेला याचा माग काढला गेला. २०१७ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात पंचविशीच्या आतल्या मुलींना संसर्ग देणारे पुरुष त्यांच्यापेक्षा सरासरी ८.७ वर्षांनी मोठे निघाले. वयाने आणि पैशाने वरचढ पुरुषाला 'कंडोम वापर' म्हणणं किती सोपं असतं? फिरणाऱ्या दाव्यात मात्र हे पुरुष कुठेच नाहीत.

या दाव्याला सगळ्यात सणसणीत उत्तर 'पर्पज १' चाचणीने दिलं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या १६ ते २५ वर्षांच्या मुली, लेनाकापाविर या प्रतिबंधक औषधाचं इंजेक्शन, सहा महिन्यांतून एकदा. २०२४ मधला निकाल : इंजेक्शन घेणाऱ्या २,१३४ जणींमध्ये एकही नवा संसर्ग नाही. तुलनेसाठी रोजची गोळी दिलेल्या गटांत गोळी चुकवणाऱ्या इथेही होत्याच, आणि संसर्गही झाले. पण सहा महिन्यांनी इंजेक्शनसाठी नव्वद टक्क्यांहून जास्त मुली वेळेवर हजर होत्या. म्हणजे त्याच वयाच्या, त्याच देशांतल्या मुली. बदललं ते औषध घेण्याचं रूप. बाटली नाही, लपवाछपवी नाही. हे इंजेक्शन स्वस्तात बनवायचा परवाना मिळालेल्यांत पुण्याची एमक्योरही आहे, आणि २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये ते देण्याची घोषणा हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या कंपन्यांनी केली आहे.

राहिलं 'फुकट'. गोळ्या दक्षिण आफ्रिकेचं सरकार स्वतः विकत घेतं; पण तरुण मुलींना सांभाळून घेणारी बरीच केंद्रं, तिथले समुपदेशक अमेरिकी मदतीवर चालत. जानेवारी २०२५ मध्ये ती मदत गोठवली गेली. पुढे थोडी सूट मिळाली तेव्हा अट अशी होती की अमेरिकेच्या पैशातून प्रतिबंधक औषध फक्त गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना द्यायचं. एकोणीस वर्षांची, मूल नसलेली मुलगी त्या अटीत बसत नाही, मग ती कितीही वक्तशीर असो.