‘गॅसचे टाका, विषय संपला’: हे वाक्य आता बंद करा

गाडी खड्ड्यात आदळायला लागली, कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढं गगनबावडा रस्त्याला मागून दणदण आवाज यायला लागला, की माणूस गाडी घेऊन गॅरेजांचं उद्यमनगर गाठतो. तिथं मेस्त्री बोनेटवर दोन्ही हात ठेवून गाडी दोनदा दाबतो आणि निकाल देतो, "शॉकअप गेलेत. गॅसचे टाका, विषय संपला." गाडीत रोज ओझं किती असतं, रस्ता कुठला, गेलाय तो शॉकअपच (शॉक ॲब्सॉर्बर) की त्याच्या जोडातलं रबरी बुश की माउंटिंग, यातलं एकही विचारत नाही. गिऱ्हाईकही विचारत नाही. पैसे मोजतो आणि महिन्याभरात तोच आवाज घेऊन परत येतो. मग शिव्या शॉकअप बनवणाऱ्याला. हे किती वर्षं चालणार?

सगळा घोळ एका गैरसमजातून सुरू होतो. लोकांना वाटतं शॉकअप गाडी उचलून धरतो. नाही धरत! गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग, नाहीतर पाटा (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग). शॉकअपचं काम एकच, स्प्रिंगची उसळी जिरवायची. नळीत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि पातळ वायसरच्या चळतीचे व्हॉल्व्ह. चाक वरखाली झालं की तेल त्या व्हॉल्व्हमधून जोर लावून जातं आणि उसळीची ताकद उष्णता होऊन तेलात जिरते. खराब रस्त्यावरून पाचसात किलोमीटर आल्यावर शॉकअप गरम लागतो तो यामुळे. त्याच गाडीचा एक शॉकअप गरम आणि जोडीचा गार असेल, तर गार असलेला काम करत नाही. यापेक्षा सोपी तपासणी कुठली हवी? पण ती कुणी करत नाही.

म्हणजे गाडी मागून बसली असेल तर दोष स्प्रिंगचा आहे. शॉकअप बदलून ती वर येणार नाही. गॅसच्या शॉकअपचा रॉड दाबानं बाहेर ढकलला जातो, म्हणून किंचित उचलल्यासारखी वाटते, तेवढंच. तरीही "गाडी बसलीय, शॉकअप बदला" म्हणून जोडीचे हजारो रुपये घेतले जातात.

आता हा गॅस. गॅसचा शॉकअप गॅसवर चालत नाही. त्यातही उसळी जिरवतं ते तेलच. गॅस म्हणजे नायट्रोजन, आणि तो असतो तेलाला दाबाखाली ठेवायला. नुसत्या तेलाच्या शॉकअपमध्ये एकात एक दोन नळ्या असतात. आतल्या नळीत पिस्टन फिरतो, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि त्याच्या डोक्यावर साधी हवा, तळाला आणखी एक व्हॉल्व्ह. एकामागून एक खड्डे आले की हवा आणि तेल घुसळून फेस होतो. फेस व्हॉल्व्हमध्ये तेलासारखा अडत नाही, सटकतो. पाच मिनिटं शॉकअप मेल्यासारखा, गाडी होडीसारखी डुलते. गाडी थांबवली, फेस बसला, की शॉकअप परत ठीक. गॅरेजमध्ये दाबून बघितल्यावर काही सापडत नाही ते म्हणूनच.

याच रचनेत हवेच्या जागी साधारण ५ ते ८ बार दाबाचा (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा) नायट्रोजन भरला की झाला आपला बाजारातला ‘गॅसचा’. तेलाला फेस लवकर येत नाही, खराब रस्त्यावर पकड टिकते. चांगली गोष्ट आहे, नाकारायचं कारण नाही. पण आज रस्त्यावरच्या बऱ्याच कारला कारखान्यातूनच हे शॉकअप येतात. ज्या गाडीत मुळात तेच आहेत तिला "गॅसचे टाकून अपग्रेड करून देतो" म्हणणं सरळ फसवणूक आहे.

आणि "गॅस संपलाय, भरून देतो" हा धंदा तर बंदच व्हायला पाहिजे. कारचा रोजचा शॉकअप कारखान्यात कायमचा बंद केलेला असतो. त्याला भोक पाडायचं, कुठलंतरी तेल ओतायचं, वेल्डिंग मारायचं, काळा रंग फासायचा आणि खोक्यात घालून द्यायचा! आतल्या झिजलेल्या पिस्टनचं काय? थकलेल्या व्हॉल्व्हचं काय? वेल्डिंगच्या उष्णतेनं करपलेल्या सीलचं काय? शिवाय दाबाखालच्या नळीला गॅसकटर किंवा वेल्डिंग लावणं म्हणजे फुटून समोरच्याच्या तोंडावर येण्याचा धोका. पोरं चष्मा न घालता हे काम करतात, ते बघून जीव वर येतो.

खरी वेगळी जात आहे ती एका नळीची. एकच जाड नळी, त्यात मोठा पिस्टन, खाली तरंगता पिस्टन आणि त्याच्यामागं २० ते ३० बारचा नायट्रोजन. तेल आणि गॅस एकमेकांना भेटतच नाहीत, त्यामुळं फेसाचा प्रश्न जवळपास मिटतो. एकच नळी असल्यानं उष्णता थेट बाहेरच्या वाऱ्याला जाते. उलटा बसवला तरी चालतो, दोन नळ्यांचा उलटा चालत नाही. जातही नवी नाही. फ्रान्सच्या द कार्बोन या इंजिनिअरची कल्पना, बिल्स्टीन या जर्मन कंपनीनं १९५० च्या दशकातच बनवून मर्सिडीजला दिली. माणसं भरून रोज घाट चढउतार करणाऱ्या गाडीला हा शॉकअप शोभतो. पण त्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. गॅसचा दाब जास्त आणि सील घट्ट, त्यामुळं बारीकसारीक खडबड अंगात जाणवते. शहरातल्या शहरात शाळा-बाजार करणाऱ्या छोट्या कारला हे घालून वर पाठ दुखते म्हणून तक्रार करायची, याला अर्थ नाही. दुसरं, याच्या नळीच्या आतूनच पिस्टन फिरतो. बाहेरून दगड लागून पोचा पडला की पिस्टन तिथं अडकतो, शॉकअप खलास. दोन नळ्यांच्या शॉकअपला बाहेरून लहान पोचा पडला तरी आतली नळी शाबूत राहते. दाजीपूरच्या जंगलाच्या बाजूला दगडधोंड्यांच्या वाटेनं जीप घालणाऱ्यानं आधी शॉकअप उघडा आहे की आड आहे ते बघायला नको का?

शिवनेरीसारख्या बसला हवेचे फुगे असतात, त्यावरून "हवेचे शॉकअप" असा शब्द निघालाय. फुगा स्प्रिंगच्या जागी असतो. तेलाचा शॉकअप शेजारी वेगळा असतोच.

सगळ्यात संताप येतो तो काउंटरवरच्या तपासणीचा. शॉकअप हातात घ्यायचा, रॉड दाबायचा. आत गेला आणि तिथंच राहिला, तर "हा गेलेला आहे". अरे, नुसत्या तेलाचा शॉकअप आत राहणारच! त्याला बाहेर ढकलणारं आत काही नाही. रॉड आपोआप बाहेर आला तर "एक नंबर". तो गॅसच्या दाबानं आला. व्हॉल्व्ह चांगले आहेत असं त्यातून कळत नाही. शॉकअप दाबायला हलका आणि ओढायला जड असतो, बहुतेकदा दुप्पट-तिप्पट जड, कारण खरी गरज स्प्रिंगला परत उसळताना आवरायची असते. पाहायचं असेल तर ओढून बघा, सबंध लांबीभर सारखा जोर लागतो का, मधे कुठं रिकामा सुटतो का. बोनेट दाबून बघण्यातही अर्धंच कळतं, कारण हाताचा वेग आणि खड्ड्याचा वेग यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गाडी दीड हेलकाव्यापेक्षा जास्त डुलली तर शॉकअप गेलाच. पण नाही डुलली म्हणून तो चांगला ठरत नाही. टायरवर हात फिरवा, थोड्या थोड्या अंतरावर खोलगट झिजलाय का बघा. ब्रेक मारल्यावर नाक किती झुकतं बघा. सीलपाशी ओलसर धूळ चिकटली असेल तर चालतं; तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल तर बदला, आणि जोडीनं बदला. "एकच गेलाय, एकच टाकू" म्हणणाऱ्याला ठाम नाही म्हणा. एका बाजूला नवा, दुसऱ्या बाजूला ऐंशी हजार किलोमीटर चाललेला, अशी गाडी वळणावर आणि ब्रेकला दोन्ही बाजूंनी वेगळी वागते.

पुढच्या बाजूला तर आणखी गोंधळ. बहुतेक कारला पुढं असतो तो स्ट्रट. त्यावर चाक उभं असतं, स्टिअरिंगसोबत तो फिरतो, वळणाचा आणि ब्रेकचा आडवा जोर खातो. म्हणून त्याचा रॉड जाड असतो. त्याच्या डोक्यावर रबरी माउंटिंग, त्यात बेअरिंग, खाली बंप स्टॉप (शेवटचा दणका झेलणारा ठोकळा) आणि धूळ अडवणारा बूट. नवा स्ट्रट टाकायचा आणि फाटलेलं माउंटिंग, घरघरणारं बेअरिंग, भुगा झालेला बंप स्टॉप जुनाच ठेवायचा, ही कुठली काटकसर? फाटक्या बुटातून पावसाळ्यातला चिखल आणि गळीत हंगामातली ट्रॉल्यांनी उडवलेली माती थेट रॉडवर जाते आणि सील खाते. स्ट्रट उघडल्यावर चाकांची अलाइनमेंट केलीच पाहिजे. ती न करता गाडी हातात दिली की नवे टायर एका कडेनं उतरायला लागतात.

त्यात ते स्प्रिंगमध्ये घालायचे रबरी बफर! "दोन इंच उचलून देतो, शॉकअप नवे घ्यायची गरज नाही." स्प्रिंगचे दोन वेढे रबरानं अडकवले की ते वेढे काम करायचे थांबतात, उरलेल्यांवर ताण वाढतो आणि स्प्रिंग कडक होते. शॉकअप मात्र जुन्या स्प्रिंगच्या हिशेबाचा. पुढं स्प्रिंग तुटली की तेच लोक म्हणतात कंपनीचा माल खराब. पिकअपला पाटा वाढवणाऱ्यांचंही हेच. गुळाचे रवे (ढेपा) भरून मार्केट यार्डात येताना ठीक वाटतं, रिकामी परत जाताना मागचं चाक रस्ता सोडून उडतं. पाटा वाढवला तर परतीची उसळी आवरणारा ताकदीचा शॉकअप त्याच दिवशी टाकायला हवा.

दुचाकीवाल्यांचे हाल तर विचारू नका. पुढच्या पाइपचं (फोर्कचं) सील गळतंय म्हणून नवं सील टाकतात, पण पाइपवर गंजाचे टोचे पडलेत ते बघत नाहीत. ते टोचे नवं सील महिन्यात फाडतात. तेल म्हणून इंजिनाचं, तेही अंदाजानं ओततात. फोर्कचं तेल मिलिलिटरमध्ये मोजायचं असतं, किंवा स्प्रिंग काढून, पाइप पूर्ण दाबून, वरच्या काठापासून किती खाली आहे ते मोजायचं असतं. आकडा त्या गाडीच्या पुस्तकात असतो. जास्त भरलं की वरची हवेची जागा कमी होते, मोठ्या खड्ड्यात पुढचा भाग दगडासारखा होतो आणि सील उडतं. एका पाइपात कमी, दुसऱ्यात जास्त, हे तर रोजचं. मागं तेल-गॅसचा जादा डबा लावलेले स्वस्त शॉकअप विकतात; कित्येक डबे नुसते शोभेचे, आत काहीच नाही. आणि मागच्या शॉकअपची खाच फिरवून "शॉकअप कडक केला" म्हणतात तेही खोटं. खाचेनं स्प्रिंगचा फक्त आधीचा दाब बदलतो, म्हणजे माणूस बसल्यावर गाडी किती खचते ते. तेलाच्या व्हॉल्व्हला ती खाच शिवतही नाही.

गतिरोधकांचं तर वेगळंच. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मापानं गोल उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरला ओलांडता येईल असा. गल्लीबोळात मात्र हातभर रुंदीचे डांबराचे ढीग. त्यावर पिस्टन इतक्या झटक्यात आत जातो की व्हॉल्व्ह पुरे पडत नाहीत आणि दणका थेट बंप स्टॉपवर. कुठलाही महाग शॉकअप यावर उपाय नाही.

ज्या गावात शिरोलीच्या फाउंड्रीत आणि उद्यमनगरच्या लेथवर मायक्रॉनचा हिशेब होतो, त्याच गावात शॉकअपचा क्रोमचा रॉड पक्कडीनं धरून नट आवळतात! एक ओरखडा पुरे, तो प्रत्येक फेरीला सील कापतो. रॉड धरायला वर खाच असते, तिथं चावी लावा. नट आवळायच्या गनने रॉड गरगर फिरवू नका. दोन नळ्यांचा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, आतल्या नळीत हवा शिरलेली असते. तो उभा धरून पूर्ण ओढा, उलटा करून पूर्ण दाबा, परत उभा करून ओढा. चार-पाच वेळा केल्यावर मधला रिकामा झटका गेला की मग बसवा. दोन मिनिटांचं काम, नाही केलं तर नवा शॉकअप पहिल्याच दिवशी खटखटतो. आणि खालच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर, चाकं लोंबत असताना आवळू नका. तसं केलं की गाडी खाली येताच बुशचं रबर पिळलं जातं, कायम पिळलेलंच राहतं आणि सहा महिन्यांत फाटतं. आधी चाकं जमिनीवर टेकवा, गाडीचं वजन येऊ द्या, मग आवळा.