११६ घोडे आणि मसालेभाताचं पातेलं

मला मिनीव्हॅनने ओव्हरटेक केलं. साध्या गल्लीत नाही, २८७ हायवेच्या रॅम्पवर, मी तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पार जमिनीला टेकवलेला असताना, डाव्या बाजूने, अगदी आरामात. शिवाय आतल्या काकूंनी ओळख नसताना हात पण केला.

माझी गाडी १९९० ची माझदा मियाटा आहे. दोन सीट, कापडी छत, मागच्या चाकांवर चालणारी, १.६ लिटरचं इंजिन. कंपनीतून बाहेर पडली तेव्हा ११६ हॉर्सपॉवर होती, त्यातले किती घोडे एव्हाना वारले असतील देव जाणे. वजन मात्र जेमतेम ९६० किलो, तिची सगळी मजा त्यातच आहे. समोरची व्हॅन होंडा ओडिसी, २८० हॉर्सपॉवर, वजन दोन टनांच्या आसपास. मी नंतर फोनवर हिशोब केला (कशाला केला!). मी आणि नवरा धरून माझ्या प्रत्येक घोड्याच्या वाट्याला साडेनऊ किलो येतात. त्यांच्या घोड्याला काका, काकू, दोन मावश्या आणि मसालेभाताचं पातेलं धरूनही साडेआठच्या आत. म्हणजे दोष माझ्या ड्रायव्हिंगचा नव्हता एवढं सिद्ध झालं, पण बरं काही वाटलं नाही.

पातेलं होतं हे मला कसं कळलं? तर ती व्हॅन आमच्याच मंडळाच्या गणपतीला चालली होती. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये रविवारी सकाळी तुम्हाला ओव्हरटेक करणारा माणूस अर्ध्या तासाने तुमच्या शेजारी पंगतीत बसलेला असतो, हा इथला नियम आहे.

पार्किंगमध्ये काका पातेलं उतरवता उतरवता थांबले, माझ्या गाडीभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि नवऱ्याला म्हणाले, "वा! कितीला पडली?"

"हिची आहे," नवरा म्हणाला.

"हो का? छान छान. इंजिन काय आहे?" हेही नवऱ्यालाच. आता माझ्या नवऱ्याला गाडीतलं काय कळतं, तर न्यू जर्सीत पेट्रोल आपल्या हाताने भरायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे हे सुद्धा त्याला आजतागायत माहीत नाही. तो माझ्याकडे बघायला लागला. मी उत्तर दिलं. काकांनी ते ऐकून घेतलं आणि पुढचा प्रश्न परत त्याला विचारला. असं चार-पाच वेळा झालं, मी आपली दुभाषी.

"११६ म्हणजे अगदीच कमी हो," काका त्याला म्हणाले. "तो मोठा एक्झॉस्ट मिळतो ना, तो टाका. आणि तो शंकूसारखा एअर फिल्टर. आमच्या भाच्याने पुण्यात टाकलाय, गाडी नुसती पळते."

मी म्हटलं, काका, तो शंकू बॉनेटच्या आत उघडा बसतो, म्हणजे इंजिनचीच गरम हवा परत इंजिनला पाजायची, आणि गरम हवेत ऑक्सिजन कमी. एक्झॉस्ट, फिल्टर सगळं मिळून पाच-सात घोडे वाढले तर नशीब. आवाज मात्र भरपूर वाढतो, आणि आवाज वाढला की माणसाला वेग वाढल्यासारखा वाटतो.

"पण वाटतं ना?" काका म्हणाले. याच्यावर काय बोलणार.

"मग टर्बोच बसवून टाका," ते नवऱ्याला म्हणाले. टर्बो म्हणजे इंजिनात जोराने जास्तीची हवा कोंबणारा पंखा.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात, त्यात टर्बो पाहावा बसवून हे राहिलंच. टर्बो एकटा येत नाही. त्याच्यासाठी इंजिनला नवीन कॉम्प्युटर लागतो, कारण या इंजिनमध्ये हवा मोजायला जो जुना फडफडत्या झडपेचा मीटर आहे त्याच्या जिवावर ते झेपत नाही. मग क्लच घसरतो, तो बदला. मग रेडिएटर, तो तर तसाही जायच्या वाटेवर असतो, त्याची वरची प्लास्टिकची टाकी मूळची काळी, ती तपकिरी व्हायला लागली की समजायचं आता ही कधीही तडकणार. माझी तपकिरी झालीये. मग मागचा डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा, १.६ वाल्याचा लहान असतो, जास्त ताकद मिळाली की मोडतो, म्हणून १९९४ पासूनच्या १.८ वाल्या गाडीचा मोठा शोधत भंगारवाल्यांकडे फिरा. मग एवढी पळणारी गाडी थांबवायला ब्रेक. शेवटी नाकापेक्षा मोती जड, आणि एवढं करून ओडिसीला मागे टाकायचं, तीही पातेलं उतरवल्यावर.

हे सगळं मी सांगितलं. काकांचं लक्ष नव्हतं, कारण तोपर्यंत त्यांना हेडलाइट सापडले होते. या गाडीचे दिवे बॉनेटमधून वर येतात. "उघड बघू," म्हणाले (पहिल्यांदाच माझ्याशी बोलले!). मी बटण दाबलं. "मीट." मिटले. "परत उघड." मग त्यांनी खेळणाऱ्या पोरांना हाक मारली, "या रे, ही गाडी डोळे मिचकावते!" आणि पंधरावीस मराठी पोरं आणि त्यांच्या आया मोबाइल घेऊन गोळा झाल्या. उघड मीट उघड मीट. प्रत्येक दिव्याला वेगळी मोटर असते आणि मोटरीला तीसहून जास्त वर्षं झालेली असतात हे त्या गर्दीत कोणाला सांगणार. व्हायचं तेच झालं, डावा डोळा अर्ध्यावर अडकला. मी बॉनेट उघडून मोटरवरचं रबरी टोपण काढलं आणि त्याखालचं बटण हाताने फिरवत बसले, पैठणी नेसून, कोपरापर्यंत काळी. काका म्हणाले, "जुन्या गाडीचं हे असंच. ह्यांना करू दे की." ह्यांच्या हातात तेव्हा उकडीचा मोदक होता.

आरतीनंतर काका म्हणाले, एक चक्कर मारून आण. म्हटलं चला, आता दाखवते. सरळ रस्त्यावर नाही, रॅम्पच्या गोल वळणावर. तिथे या गाडीला तोड नाही हो, चारी चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वरून-खालून दोन दांड्यांनी धरलेलं, स्टीअरिंगमधून रस्त्याची रेव बोटांना कळते. वळण असं घेतलं की मलाच गहिवरून आलं. काकांनी दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं. परत आल्यावर गुडघे धरून बराच वेळ त्या खोल सीटमधून बाहेर यायचा प्रयत्न केला, उभे राहिले, आणि म्हणाले, "खड्डे फार जाणवतात गं. शॉक ॲब्सॉर्बर बदलून घे."

शॉक ॲब्सॉर्बर मी याच उन्हाळ्यात बदललेत. नवे. चारही. त्याच्याबरोबर सस्पेन्शनचे सगळे बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, कारण जुन्या रबराची खारीक झालेली असते आणि मग अलाइनमेंट कितीही करा, गाडी वळणात स्वतःच्या मनाने चालते. ब्रेकचं तेल, कारण ते हवेतलं पाणी पितं आणि तापलं की पेडल स्पंज होतं. छताच्या पाण्याच्या नळ्या सीटमागून साफ केल्या, त्या तुंबल्या की पाणी दाराखालच्या पत्र्यात साचतं आणि गाडी आतून गंजून खलास. आणि टायर. मूळचे १४ इंची, त्यात आता धड काही मिळत नाही, म्हणून १५ इंची चाकं आणि १९५/५० चे चांगले चिकट टायर. बास. जुन्या स्पोर्ट्स कारला खर्च करायचा तर इथे करायचा, बाकी सगळी हौस, हे मी कोणाशीही भांडून सांगायला तयार आहे. पण यातलं एकही दिसत नाही. बुशचा फोटो काढून कोणाला पाठवणार? माझ्या सासूबाईंनी त्या बिलाकडे बघून विचारलं होतं, "एवढ्या पैशात रंग तरी नवा आला का?"

खरा राग मला त्या रॅम्पचा नाहीये. जाता जाता सवयीने मी काकांच्या व्हॅनचे टायर बघितले. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. काकांच्या टायरवर शेवटी १८ होतं, आणि कडेला भेगा, नखाने चाचपल्या तर जाणवत होत्या. मी त्यांना दाखवलं. म्हटलं काका, पावसात या टायरवर २८० घोडे आणि दोन मावश्या घेऊन २८७ वर जाऊ नका, हे बदला आधी. त्यांनी वाकून बघितलं, नवऱ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "अजून चालतायत की."

काल काकूंचा मंडळाच्या ग्रुपवर मेसेज होता. काकांनी व्हॅनला मोठा खर्च केलाय, सगळ्यांनी बघायला या म्हणे. सबवूफर बसवलाय.