म्युनिकची इसार, आपली मुठा आणि मातीचा काठ

पुण्यात नदीकाठ सुधारणेचा विषय निघाला की सगळे झाडं किती जाणार आणि ट्रॅक किती रुंद होणार यावर बोलतात. झाडांवर बोललंच पाहिजे, पण काठाच्या मातीबद्दल कोणी फारसं बोलत नाही आणि मला आज त्यावरच लिहायचंय. मे महिन्यात भाच्याकडे म्युनिकला गेले होते, तिथं एक अख्खा दिवस दुर्बीण गळ्यात अडकवून इसार नदीच्या काठानं चालले आणि तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय.

इसार आल्प्समधून येते, ऑस्ट्रियात कार्वेंडेलच्या डोंगरात उगम, म्युनिकच्या मधून वाहत पुढे डॅन्यूबला मिळते. पहाटेच फ्लाउखरला पोचले, हा शहरातलाच भाग आहे, मेट्रोनं जाता येतं. पांढऱ्या चुनखडीच्या गोट्यांची बेटं, मधून हिरवट पाणी, कुठे घोट्याएवढं तर कुठे खोल, काठाला विलोची झुडपं. पहिला कोण दिसावा तर करडा धोबी! थंडीत सिंहगडाच्या पायथ्याच्या ओढ्यांवर येतो ना, तोच. आपल्याकडे येणारे हिमालयातून आणि त्याच्या पलीकडून येतात, हे युरोपातलेच, पण शेपूट हलवायची तऱ्हा तीच. नराचा गळा कुळकुळीत काळा झालेला होता, विणीचा काळ ना, आपल्याकडे हिवाळ्यात हा काळा गळा सहसा बघायला मिळत नाही. मी कितीतरी वेळ तिथंच उभी राहिले.

मग कॉमन मर्गान्सरची मादी, तांबूस डोकं, मागे पिल्लांची रांग आणि दोन पिल्लं चक्क तिच्या पाठीवर. हे बदक झाडाच्या ढोलीत अंडी घालतं, म्हणजे काठाला जुनी, ढोल्या असलेली झाडं पाहिजेत. नवीन लावलेल्या रोपाला ढोली यायला किती वर्षं लागतात ते सांगायला नको.

पण दिवस खरा गाजवला तो डिपरनं. हेलाब्रुनच्या झूच्या पुढे एक छोटा प्रवाह नदीला येऊन मिळतो तिथं पाण्याच्या मधोमध एका दगडावर हा बसलेला, मुठीएवढा गुबगुबीत, चॉकलेटी अंग आणि छातीवर पांढराशुभ्र रुमाल. सारखा उठाबशा काढल्यासारखा खालीवर होत होता आणि डोळा मिटला की पापणी पांढरी चमकायची. आणि मग तो सरळ चालत पाण्यात गेला! म्हणजे बुडी मारली नाही, दगडावरून उतरत उतरत गेला आणि डोक्यावरून पाणी गेलं तरी थांबला नाही. पाण्याखाली पंखांनी ढकलत, पायांनी गोट्यांना धरत तळातले किडे शोधतो, पाण्यात नाकपुड्या बंद होतात, हे सगळं वाचलेलं होतं, पण समोर बघताना माझा श्वास अडकला होता. वर आला तेव्हा चोचीत कसलीतरी अळी. जगात डिपरच्या पाचच जाती आहेत आणि आपल्याकडे बघायचा तर हिमालयातच जावं लागतं, त्यामुळे माझ्यासाठी लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेला पक्षी, आनंद विचारूच नका.

आता हा पक्षी महत्त्वाचा का, तर त्याचं खाणं म्हणजे वाहत्या, स्वच्छ, भरपूर ऑक्सिजनच्या पाण्यात दगडाखाली राहणाऱ्या अळ्या. पाणी घाण झालं की त्या जातात, तळ सिमेंटचा केला की दगडच उरत नाहीत, आणि मग डिपर पण जातो. काठावर कितीही सुंदर बाक ठेवा, तो परत येणार नाही.

आणि ही नदी पहिल्यापासून अशी नव्हती बरं का. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात इसारला सरळ कालव्यासारखं बांधून टाकलं होतं. मग २००० ते २०११ या काळात शहराच्या दक्षिणेकडचा ८ किलोमीटरचा पट्टा त्यांनी पुन्हा मोकळा केला. काठाचं बांधकाम काढलं, ५० मीटरचं पात्र काही ठिकाणी ९० मीटरपर्यंत रुंद केलं, आडवे बंधारे काढून तिथं दगडांचे उतार केले म्हणजे मासे वर चढू शकतात. पूर वाहून नेणं हा त्यातला मोठा हेतू होता, हे नीट लक्षात घ्या. पूर येतो म्हणून भिंती पाहिजेत असं आपल्याकडे सांगतात, त्यांनी पुरासाठीच नदीला जागा दिली. वरच्या गावांच्या सांडपाणी केंद्रांमध्ये उन्हाळ्यात अल्ट्राव्हायोलेट किरणांनी पाणी निर्जंतुक करतात. दुपारी तिथं मुलं डुंबत होती, कुत्री पळत होती, निम्मं म्युनिक गोट्यांवर ऊन खात पडलं होतं आणि त्याच पाण्यात वरच्या अंगाला मर्गान्सर पिल्लांना घेऊन फिरत होती.

सगळं आदर्श आहे असं नाही. वर सिल्व्हनश्टाइनचं धरण आहे १९५९ चं, ते गोटे-रेती अडवतं. तसं आपल्या मुठेवर खडकवासला १८७९ पासून आहे, म्हणजे धरणाचं कारण दोघांनाही आहे.

आता कोणी म्हणेल की डिपर काय पुण्यात येणारे का? नाहीच येणार, आपली नदी दख्खनची, काळ्या बेसाल्टची, तिचे पक्षी वेगळे. पण त्यांचंही तेच आहे हो! खंड्या आणि बंड्या (काळा-पांढरा खंड्या) मातीच्या उभ्या दरडीत बीळ करून घरटं करतात. वेडा राघू पण मातीतच. टिटवी उघड्या खडी-गोट्यांवर अंडी घालते, नदी सुरय पाण्यातल्या रेतीच्या, खडकाच्या बेटांवर. हिवाळ्यात येणारी तुतारी उथळ पाण्याच्या कडेनं तुरुतुरु चालत खाते, तीच तुतारी उन्हाळ्यात इसारच्या वरच्या अंगाला गोट्यांच्या बेटांवर वीण करते. दरडीला दगडाचं पिचिंग केलं, म्हणजे दगड बसवून ती झाकून टाकली की खंड्यानं बीळ कुठे करायचं? दगडात चोच घुसत नाही. बंडगार्डनजवळ नदीकाठ सुधारणेचा जो तुकडा तयार झालाय तो मी फिरून बघितला, माणसांना बसायला छान आहे, लोक येतात, मुलं येतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ४४ किलोमीटर काठ जर असाच होणार असेल तर माझा ठाम विरोध आहे.

आणि एक, पुण्याच्या पुढे मुळा-मुठेवर कवडीपाटला शेकाट्यांचे थवे बघून बरेच जण म्हणतात की बघा, पक्षी आहेत की. शेकाट्या घाण पाण्यात छान जगतो, सांडपाण्यातल्या अळ्या त्याला चालतात. तो वाढला म्हणजे नदी बरी झाली असं नाही, उलट काळजीचं आहे. आधी मैलापाणी थांबवा, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या ११ नवीन केंद्रांचं काम पूर्ण करून ती रोज पूर्ण क्षमतेनं चालवा, मग काठाला हात लावा. आणि जिथं अजून मातीची दरड, वाळुंज, करंज, उंबर शिल्लक आहेत, तेवढे पट्टे आहेत तसेच सोडा. येरवड्याला सालीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे तिथला काठ तर अजिबात नको.

मी या भागातल्या दरडींमधली बिळं नकाशावर टाकायला घेतली आहेत, फोटो आणि लोकेशनसकट, म्हणजे सूचना द्यायची वेळ येईल तेव्हा नुसतं तोंडी बोलणं नको. रविवारी पहाटे संगमवाडीपासून चालणार आहे. यायचं असेल तर मेसेज करा, माझ्याकडे एक जास्तीची दुर्बीण आहे, बूट मात्र चिखलाचे घाला.