"ग्रेड वन आहे, सगळ्यांनाच असतं"

भाऊजींची जुनी फाईल काल रात्री कपाटावरून काढली. 2018 ची सोनोग्राफी, मुतखड्यासाठी केलेली. त्यात खाली एक ओळ: ग्रेड वन फॅटी लिव्हर. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "हे आजकाल सगळ्यांनाच असतं." खडा पडला, फाईल कपाटावर गेली.

मागच्या उन्हाळ्यात ताईला दिसलं, मोज्याचा वळ रात्रीपर्यंत पायावरून जातच नाही. बोट दाबलं की खड्डा. मानेवाड्याच्या घरी सगळे म्हणाले, नागपूरचं ऊन आहे, होतं असं. पंधरा दिवस असेच गेले. पोट फुगलं तेव्हा नेलं, तर सिरोसिस, म्हणजे व्रण पडून पडून लिव्हर कडक झालेलं. भाऊजींनी दारूला कधी हात लावला नाही. शुगर मात्र जुनी.

मला राग आहे तो त्या "सगळ्यांनाच असतं"चा. सोनोग्राफीतला ग्रेड लिव्हरमध्ये चरबी किती ते सांगतो, आत व्रण किती पडलेत ते नाही. रक्ततपासणीतलं एसजीपीटी (लिव्हरचं एन्झाइम) नॉर्मल असूनही व्रण असू शकतात. आणि लिव्हर बहुतेक वेळा दुखतही नाही, म्हणून दुखण्याची वाट पाहू नका. ती ओळ दिसली की त्याच महिन्यात डॉक्टरकडे जा. शुगर असेल, पोट सुटलेलं असेल तर नक्कीच.

वय, एसजीओटी (हेही तसंच एन्झाइम), एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून फिब-4 नावाचा, व्रणांचा अंदाज देणारा आकडा निघतो. 1.3 च्या खाली धोका कमी (पासष्टीनंतर 2 धरतात), 2.67 च्या वर गेला तर थेट लिव्हरचे डॉक्टर, मधे असेल तर बहुधा फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी. काल मी भाऊजींचा मांडला. वय 52, एसजीओटी 68, एसजीपीटी 50, प्लेटलेट 1 लाख 80 हजार. उत्तर 2.78. चारही आकडे त्याच फाईलमध्ये होते, 2018 पासून.

डोळे पिवळे, लघवी गडद, पोटात पाणी, पायाला सूज दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा माणूस बरळायला लागला तर तडक कॅज्युअल्टी, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात.

लवकर कळलं तर हातात पुष्कळ असतं. वजन 7 ते 10 टक्के उतरलं की लिव्हरची सूज ओसरू लागते. ऐंशी किलोच्या माणसाला सहा ते आठ किलो.

परवा भाच्याच्या रिपोर्टमध्येही तीच ओळ आली. तो 27 चा आहे, पस्तिशीच्या आत फिब-4 वर भरवसा ठेवता येत नाही. सोमवारी सकाळी मी त्याला घेऊन जाते आहे, भाऊजींची फाईलही सोबत.