‘बॅकअप आपोआप होतो’ हे अर्धेच खरे: केडंप, एफएडंप आणि बूट इमेज

आयबीएम पॉवर सर्व्हरवर लिनक्स सांभाळणाऱ्यांत एक सल्ला बराच फिरतो. विषय आहे कर्नल (लिनक्सचा गाभा) कोसळला की तपासासाठी मेमरीची नक्कल, म्हणजे डंप, काढणाऱ्या दोन सोयींचा: केडंप आणि एफएडंप. सल्ल्याचे सार असे: केडंपवरून एफएडंपवर जा, वाटेल तेव्हा परत या, मुख्य बूट इमेजला (यंत्र सुरू होताना लागणाऱ्या फाइलला) धक्का लागत नाही, लागलाच तर आपोआप घेतलेला बॅकअप चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या) तपासून जागेवर येतो, आणि तेही फसले तर रेस्क्यू इमेज (अडचणीच्या वेळी बूट करायची वेगळी इमेज) आहेच. मी रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स आणि त्याच्या कुळातल्या वितरणांपुरते बोलतो.

धक्का लागत नाही, हे केडंपपुरते बरोबर. तिथे क्रॅशनंतर चालणारा कर्नल राखीव मेमरीत आधीच चढवलेला असतो आणि त्याचा इनिटरॅमएफएस (वर म्हटलेली बूट इमेज: मुख्य, म्हणजे रूट, डिस्क जोडायला लागणारे ड्रायव्हर असलेली फाइल) वेगळा असतो. एफएडंपमध्ये कर्नल कोसळला की फर्मवेअर मेमरीतला मजकूर जपून यंत्र नव्याने सुरू करते, आणि नेहमीच्या बूटलोडरमधून नेहमीचाच इनिटरॅमएफएस उठतो. डंप उचलायची सोय मग त्याच फाइलमध्ये भरावी लागते. अलीकडच्या आवृत्त्यांत ती आत वेगळ्या कप्प्यात ठेवतात, ही चांगली सुधारणा. तरी फाइल नव्याने बांधली जाते ती जाते. डंपच्या सेटिंगमधली किरकोळ दुरुस्तीसुद्धा यंत्र रोज ज्यावरून उठते त्या फाइलला हात लावते.

आता बॅकअप. तो घेतला जातो, बूट विभागातच, नावाआधी टिंब असलेल्या लपलेल्या फाइलमध्ये. पण केडंप सेवेची (एफएडंपही तीच सांभाळते) स्क्रिप्ट वाचा. बॅकअप आधीच असेल तर नवा घेतला जात नाही. म्हणजे एफएडंप चालू केला त्या दिवशीची प्रत तशीच पडून राहते. मध्ये सहा महिन्यांत तुम्ही स्टोरेज बदलले, मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे जाणाऱ्या अनेक वाटा) बसवला, नवा ड्रायव्हर घातला, तर त्यातले काहीच त्या प्रतीत नसते. केडंपवर परतलात की हीच प्रत मुख्य इमेज म्हणून बसते आणि पुढच्या बूटला रूट डिस्क सापडेलच असे नाही. आणखी एक: जागेअभावी प्रत काढता आली नाही तर स्क्रिप्ट फक्त इशारा देते आणि बांधकाम पुढे चालू ठेवते. बूट विभाग साधारण एक जीबीचा, त्यात तीन कर्नलांच्या इमेजेस. जागा संपणे नवलाचे नाही.

चेकसमचा आधार तर आणखी फसवा. प्रत काढल्यापासून ती बिघडली नाही, एवढेच तो सांगतो. ती आजच्या यंत्राला चालेल का, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. जुन्या आवृत्त्यांत तर सगळ्या कर्नलांना मिळून चेकसमची एकच फाइल होती. दोन कर्नलांवर आलटून पालटून एफएडंप चालवला की दुसऱ्याचा चेकसम पहिल्यावर लिहिला जायचा, मग पहिल्याचा धडधाकट बॅकअपही ‘जुळत नाही’ म्हणून नाकारला जायचा. पुढे प्रत्येक कर्नलला स्वतंत्र फाइल देऊन हे दुरुस्त झाले. पण जुनी आवृत्ती न हलवता चालवणारे सर्व्हर आपल्याकडे कमी आहेत का?

रेस्क्यू इमेज साधारणतः इन्स्टॉलच्या वेळची असते, कर्नलही तेव्हाचाच. आत शिरून दुरुस्ती करायला ती पुरते, त्यापलीकडे भरवसा नको.

इनिटरॅमएफएस ही कधीही पुन्हा बांधता येणारी वस्तू आहे, म्हणून मी जुनी प्रत जपण्यापेक्षा ड्रॅकटने (इनिटरॅमएफएस बांधणाऱ्या साधनाने) ताजी बांधतो. मात्र क्रम सांभाळा. केडंपवर परतल्यावर आधी केडंप सेवा सुरू होऊ द्या, तिला तिची जुनी प्रत जागेवर ठेवू द्या, आणि मगच चालू कर्नलसाठी नवी इमेज बांधा. उलटे केलेत तर सेवा तुमच्या ताज्या इमेजवर जुनी प्रत न विचारता चढवते, कारण मुख्य फाइल मध्ये बदलली का, हे ती पाहतच नाही. बांधून झाल्यावर इमेजमधली यादी काढून लागणारे ड्रायव्हर आहेत ना आणि एफएडंपचा कप्पा गेला ना, ते बघा, आणि रीबूट कन्सोल हाताशी असतानाच करा.