'वेचणी'वरच्या आक्षेपांना उत्तर

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. 'वेचणी' या माझ्या साप्ताहिक सदरातल्या मागच्या यादीखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. उत्तराला आठ दिवस लागले, त्याबद्दल आधी क्षमा मागते. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून आपले म्हणणे थोडक्यात सांगते. आपण भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीचे निवृत्त शिक्षक. दर आठवड्याला इतरांनी लिहिलेले वृत्तांत, कथा-कविता आणि होऊ घातलेले कार्यक्रम यांची यादी करणे हे संपादकाचे काम नव्हे, ही उचलेगिरी आहे, असा आपला पहिला आक्षेप. नागपुरात बसून मी पुण्या-मुंबईची हमाली करते, हा दुसरा. सांस्कृतिक कार्यक्रम म्हणजे सभागृहात खुर्चीवर बसून ऐकायची गोष्ट अशी माझी समजूत दिसते, हा तिसरा. या सदरात कुणाला वाईट म्हटलेले कधी वाचायला मिळाले नाही, हा चौथा. आणि शेवटी आपण लिहिले आहे, "वेचणी करणाऱ्याला पऱ्हाटी लावावी लागत नाही, म्हणून त्याला पावसाची काळजी नसते." हे वाक्य मी कागदावर उतरवून टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवले आहे.

सुरुवात पऱ्हाटीपासूनच, म्हणजे कपाशीपासूनच करते. माझे आजोळ वर्धा जिल्ह्यातले, त्यामुळे वेचणी मी लहानपणापासून पाहिली आहे. कमरेला ओटी बांधलेली बाई ओळीतून पुढे सरकते तेव्हा तिच्या हातांना एकाच वेळी बरेच ठरवावे लागते: पूर्ण उमललेले बोंड कोणते, अर्धे उमललेले पुढच्या वेचणीला कोणते ठेवायचे, कवडी कापूस वेगळा कसा टाकायचा, वाळलेल्या पानांचा चुरा कापसाबरोबर येऊ कसा द्यायचा नाही. मजुरी किलोवर असल्याने घाई तिच्या पोटाशी बांधलेली असते, आणि बाजारात व्यापारी गाडीत कोपरापर्यंत हात घालून कचरा शोधतो तेव्हा त्या घाईची किंमत शेतकरी मोजतो. पावसाची काळजी तिला नसते असेही नाही, कारण वेचणीच्या तोंडावर पाऊस आला तर कापूस भिजतो आणि तिचा रोजही बुडतो. पेरणाऱ्याचा मान मोठा, हे मला मान्यच आहे. पण वेचणे हे बिनडोक काम आहे, एवढे मात्र मी मान्य करणार नाही.

माझे काम त्या बाईच्या कामाइतके कष्टाचे नाही, हे सांगायला नको. पण ओढाताण त्याच जातीची आहे. दर गुरुवारी संध्याकाळी माझ्यापुढे विदर्भातल्या दैनिकांची जिल्हा पाने, आठवडाभरात आलेली मासिके आणि निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा असतो, आणि शुक्रवारी सकाळपर्यंत त्यातून दहा-बारा नोंदी करायच्या असतात. हे सदर का सुरू केले तेही सांगते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तो विषय मुंबई-दिल्लीच्या पानांवर ठळकपणे आला तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता, पण रुग्णालयात माणसे त्याच्या कितीतरी आधीपासून दाखल होत होती. पुढे जुने अंक चाळताना मला खंत वाटली ती याची, की जिल्हा पानावरची एका रकान्याची बातमी मीही त्या दिवसांत ओलांडून पुढे गेले असणार. ती बातमी ज्याने दिली त्याचे श्रम त्याचेच. पण ती उचलून "इकडे पाहा" असे म्हणणारे कुणीतरी असावे लागते, आणि ते म्हणणे मी संपादनच समजते. नाशिकहून निघणारे 'अमृत' आपल्या पिढीच्या घरांत आवडीने वाचले जायचे, आणि निवडून दिलेल्या मजकुरावर चालणाऱ्या त्या मासिकाला कुणी उचलेगिरी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

याच मुद्द्याला लागून आपण असेही विचारले आहे, की चार ओळी देऊन वाचकाला तहानलेले का सोडता, पूर्ण लेखच का देत नाही. त्याचे उत्तर सरळ आहे. लेख माझा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ५२ समीक्षेसाठी उचित वापराची मुभा देते, अख्खा लेख उचलून आपल्या पानावर मांडण्याची देत नाही. आणि कायदा नसता तरी मी तसे केले नसते, कारण अंक विकत घेतला गेला नाही तर पुढच्या वर्षी तो निघणार कसा?

पुण्या-मुंबईच्या हमालीचा आरोप मला आधी झोंबला. कादंबरीकार ग. त्र्यं. माडखोलकरांनी जिथे बसून 'तरुण भारत'चे संपादन केले आणि जिथून ते १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर गेले, त्या शहरातल्या संपादकाला असे ऐकावे लागावे, असे मनात आले. मग राग बाजूला ठेवून मागच्या सहा याद्या काढल्या आणि पेन्सिलीने खुणा करत बसले. वृत्तांतांच्या बाबतीत आपला आरोप टिकत नाही, त्यातले निम्म्याहून अधिक विदर्भातले निघाले. दिवाळी अंकांच्या बाबतीत मात्र तो टिकतो. १९०९ साली मुंबईच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून या व्यवहाराचे वजन त्या बाजूला आहे हे खरे, पण माझ्या निवडीचे कारण इतके ऐतिहासिक नाही. मोठ्या प्रकाशनांचे अंक कुरिअरने माझ्या दारात फुकट येतात. गोंदियाचा किंवा चंद्रपूरचा अंक मला मागवावा लागतो, कधी त्यासाठी बसस्थानकावर जाऊन कंडक्टरकडून पुडके घ्यावे लागते. ज्यांना अभिप्रायार्थ प्रती आणि टपालखर्च परवडतो त्यांचे लेखन माझ्या टेबलावर आधी पोचते, आणि मी टेबलावरचेच निवडते. यात पुण्याविषयीचे प्रेम कमी आणि आळस जास्त आहे.

तिसऱ्या आक्षेपापुढे तर मी निरुत्तर आहे. त्याच सहा याद्यांत कार्यक्रमांच्या नोंदी तेवीस होत्या. त्यांतल्या एकोणीस तीनच जागांच्या निघाल्या: झाशी राणी चौकातले विदर्भ साहित्य संघाचे संकुल, सिव्हिल लाइन्समधले वसंतराव देशपांडे सभागृह आणि रेशीमबागेतले सुरेश भट सभागृह. जागा चांगल्या आहेत, कार्यक्रमही वाईट नव्हते. पण या तिन्ही ठिकाणचे आयोजक निमंत्रणपत्रिका छापतात, त्यावर अध्यक्षांपासून आभारप्रदर्शन करणाऱ्यापर्यंत बारा नावे मानाच्या क्रमाने घालतात आणि आठ दिवस आधी ती माझ्याकडे पाठवतात. जो पत्रिका पाठवत नाही त्याचा कार्यक्रम माझ्या लेखी होतच नाही, असा त्याचा अर्थ झाला.

याचे सगळ्यात लाजिरवाणे उदाहरण आपण दिलेले नाही, म्हणून मीच देते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपूरच्या इतवारीत काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. त्या मिरवणुकीतले बडगे म्हणजे या शहराचे वर्षातून एकदा निघणारे व्यंगचित्रांचे दैनिक आहे, असे मी बोलताना अनेकदा म्हणते. बांबू, कागद आणि जुन्या कपड्यांचे ते पुतळे महागाईवर, खड्ड्यांवर, पुढाऱ्यांवर असतात आणि "घेऊन जा गे मारबत" या आरोळीत त्या वर्षाची सगळी तक्रार भरलेली असते. एका वर्षी मी एका बडग्यापाशी बराच वेळ थांबले होते. त्याच्या गळ्यात पेट्रोल पंपाची नळी फासासारखी अडकवलेली होती, आणि ती सारखी निसटत असल्याने एक पोरगा हातात सुतळी घेऊन सबंध रस्ताभर त्याच्या शेजारून चालत होता. त्या आठवड्याच्या यादीत मी काय दिले होते ते आता पाहिले. व्यंगचित्रकलेवरच्या एका व्याख्यानाची सूचना दिली होती, मारबतीची नाही.

दीक्षाभूमीचेही तसेच. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेचे स्मरण म्हणून दरवर्षी अशोक विजयादशमीच्या सुमारास तिथे जो जनसमुदाय लोटतो, तो पुस्तके विकत घेतो. स्टॉलच्या रांगाच्या रांगा असतात. रात्रीच्या प्रवासाने आलेली माणसे परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवून उरलेल्यातून पातळ पुस्तिका आणि जाड ग्रंथ घेतात आणि पिशवीत कपड्यांच्या मधे जपून ठेवतात. महाराष्ट्रातल्या मोठ्या पुस्तकविक्रींपैकी ही एक. तिला 'साहित्यिक कार्यक्रम' म्हणावे असे माझ्या डोक्यात आजवर आले नाही, कारण तिला उद्घाटक नसतो. आणि २०२३ च्या फेब्रुवारीत वर्ध्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आणि विद्रोही साहित्य संमेलन एकाच सुमारास भरले, तेव्हा पहिल्याची दिवसवार कार्यक्रमपत्रिका आणि दुसऱ्याबद्दल दोन ओळी असा माझा न्याय होता. तेव्हा कुणी विचारले असते तर जागेचे कारण सांगितले असते.

राहिली झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातला आपला जंगलपट्टा. आपण लिहिता, की दिवाळीनंतर आपल्या भागात मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या निमित्ताने गावोगाव नाटके होतात, वडशाच्या नाटक कंपन्यांच्या तारखा लागलेल्या असतात, झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळते, आणि नागपूरच्या संपादकांना यातले फक्त पद्मश्रीच दिसते. नेमके बोललात. पद्मश्रीची नोंद मी केली होती. त्या हंगामात झालेल्या एकाही प्रयोगाची केली नव्हती.

चौथ्या आक्षेपावर मात्र मी आपल्याशी थोडे भांडणार आहे. आठवड्याला बारा नोंदींची जागा असताना त्यांतल्या तीन वाईट पुस्तकांना द्याव्यात, हे मला पटत नाही; न निवडणे हेही मतच असते. पण आपण ज्या शब्दांवर बोट ठेवले ते ठेवण्यासारखेच होते. "वाचनीय", "संग्राह्य", "अवश्य वाचावा असा" हे शब्द माझ्या नोंदींत इतक्यांदा आले आहेत, की ते आता छापील लिफाफ्यावरच्या "सप्रेम भेट"सारखे झाले आहेत. मागच्या महिन्यात कापूसवेचणीच्या मजुरीवरच्या एका वृत्तांताला मी "वाचनीय" म्हणून मोकळी झाले. त्या वार्ताहराने बाजारभावाची नेहमीची चर्चा बाजूला ठेवून शेताच्या धुऱ्यावरच्या तोलकाट्यापाशी दिवस काढला होता, ओटीचे वजन कोण करते आणि अर्धा किलो कुणाच्या बाजूला झुकतो ते पाहिले होते. नोंदीत हे लिहायला हवे होते, आणि एवढे लिहिले असते तर विशेषणाची गरजच उरली नसती. यापुढे नोंदीत विशेषण दिसले तर आपण जरूर कळवावे.

कार्यक्रमांच्या बाबतीत एक अडचण मात्र खरीच आहे, ती टाळाटाळ समजू नये. तीन वर्षांपूर्वी एका कविसंमेलनाची सूचना मी छापील पत्रिकेवरून दिली होती. कार्यक्रम दोन दिवस आधी पुढे ढकलला गेला, आयोजकांनी कुणाला कळवले नाही, आणि काटोलहून आलेले एक गृहस्थ कुलूप लावलेल्या दारासमोर अर्धा तास उभे राहून परत गेले. त्यांचे पत्र अजून माझ्याकडे आहे. तेव्हापासून आदल्या दिवशी फोन करून खात्री झाल्याशिवाय मी सूचना देत नाही. झाडीपट्टीतल्या प्रयोगांची माहिती मला व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या रंगीत पोस्टरांतून मिळते, आणि त्यावर कलाकारांचे फोटो भरपूर असले तरी कधी तालुका नसतो, कधी तारखेला महिना नसतो. तिथे मला जागच्या माणसाची मदत लागेल.

म्हणून विनंती करते. दिवाळीनंतर आपल्या आणि आसपासच्या गावांतल्या मंडईच्या तारखा, नाटकाचे आणि कंपनीचे नाव, आणि ज्याला फोन करता येईल अशा मंडळाच्या एखाद्या माणसाचा क्रमांक एवढे मला कळवाल का? नोंदीखाली माहिती आपल्याकडून आली असे लिहीन, आपली हरकत नसेल तर. पहिल्या प्रयोगाला मी स्वतः येणार आहे. मंडईच्या दिवसांत आपल्याकडे घरोघर पाहुण्यांची गर्दी असते याची मला कल्पना आहे, तेव्हा माझ्या मुक्कामाची काळजी करू नये. नाटक उजाडेपर्यंत चालते आणि पहाटेच्या पहिल्या एसटीने मला नागपूरला परतता येईल.

आपली,
'वेचणी'ची संपादक